पाणी तयार होईपर्यंत

बाबा,

तुमच्या बाराव्याला आलेली माणसं जेवून उठली आणि निघताना जवळजवळ प्रत्येकाने मला एकच विचारलं, "ही काचेची पेटी आता काढणार ना?" कुणी म्हणालं, जागा मोकळी झाली की तिथे तांडेलांचा, म्हणजे तुमचा, फोटो छान दिसेल. कुणी म्हणालं, आत नुसते दगड, त्यांना लाइट कशाला? मी मान हलवत राहिले. ती हो म्हणून हलत होती की नाही म्हणून, ते त्यांनाही कळलं नसेल आणि मलाही.

तुम्ही असतात तर त्यांना असं जाऊ दिलं नसतंत. हाताला धरून टाकीसमोर बसवलं असतंत, भिंग हातात दिलं असतंत आणि म्हणाला असतात, "बग, नीट बग, घाई नको करू." घाई नको करू, हे म्हणणारे तुम्ही! ज्यांच्या घाईवरून आपलं एवढं भांडण झालं, ते तुम्ही.

त्या भांडणाबद्दल मला तुमच्याशी बोलायचं आहे. तुम्ही होतात तेव्हा जमलं नाही.

दिवाळीनंतर पालघरला तुमच्या डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. पट्टी सोडायला मुलाऐवजी मी, सूनच, तुम्हाला घेऊन गेले होते; नितीन नेहमीप्रमाणे जहाजावर. दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत भिंतीला लागून खाऱ्या पाण्याची मोठी टाकी होती. पट्टी सुटली, तुम्ही बाहेर आलात, आणि घरी निघायचं सोडून त्या टाकीसमोर जे उभे राहिलात ते हललाच नाहीत. पांढऱ्या पट्ट्यांचे दोन नारिंगी मासे फिरत होते, पण तुमचं लक्ष त्यांच्याकडे नव्हतं. खाली दगडावर हिरवी-जांभळी बटणं पसरावीत तसं काहीतरी उगवलेलं होतं आणि पाण्याबरोबर डुलत होतं.

"ही फुलं प्लास्टिकची काय?" तुम्ही कंपाउंडरला विचारलंत.

"फुलं नाहीत काका, जनावर आहे ते. पोवळं. जिवंत आहे."

"अंगठीत घालतात ते पोवळं?"

"त्याच्या भावकीतलं. हे मऊ असतं."

रिक्षात तुम्ही पट्टी सुटलेल्या डोळ्याने बाहेर बघत होतात. शिरगाव मागे पडलं तेव्हा म्हणालात, "वैशाली, चाळीस वरसं दर्यावर काडली मी. पण दर्या आतून कसा हाय ते कदी बगितलं नाय. आपलं पाणी गढूळ. जे दिसतं ते जाळ्यात, नि जाळ्यात येतं ते मरायलाच येतं."

जन्मभर पापलेट पकडलेल्या सातपाटीच्या तांडेलाला पोहता मासा बघायला डोळ्यांच्या डॉक्टरकडे यावं लागलं, याची मला तेव्हा गंमत वाटली होती. घरी येऊन मी ती आईंना हसत हसत सांगितलीसुद्धा. आई हसल्या नाहीत.

टाकी घ्यायची तुम्ही ठरवलंत तेव्हा आई म्हणाल्या, "दाराबाहेर दर्या हाय तो पुरे नाय काय? आता घरात पण?" जानेवारीत तीन फुटांची टाकी आली आणि जुन्या टीव्हीच्या जागी बसली. तुम्ही दोन कॅन घेऊन बंदराकडे निघालात तेव्हा मी आडवी आले.

"बाबा, पाणी समुद्राचं नाही घालायचं. फिल्टरचं गोडं पाणी घ्यायचं आणि त्यात टाकीचं खास मीठ विरघळवायचं. ते विकत मिळतं."

तुम्ही कॅन खाली ठेवलेत. "घरापुढं दर्या आसताना मीठ विकत आणायचं? लोक जोड्यानं मारतील मला."

मी तुम्हाला समजावायला गेले की किनाऱ्याच्या पाण्यात काय काय असतं ते सांगता येत नाही. बोईसरच्या कंपनीच्या लॅबमध्ये मी नऊ वर्षं दुसरं काय करते, पाणीच तपासते. कारखान्यातून बाहेर पडणारं पाणी. मग तुमच्या समाधानासाठी मी आपल्या खाडीचं बाटलीभर पाणी नेलं, तपासलं आणि संध्याकाळी येऊन एवढंच म्हणाले, "गाळ जास्त आहे."

"गाळ काय आज आला?" तुम्ही म्हणालात. मग म्हणालात, "कंपन्यांचं पाणी तू टेस्ट करतेस. मंग आमच्या खाडीचं कोण करतं?"

"सरकार करतं."

तुम्ही हसलात. त्या हसण्यात माझ्यावर राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. या घरात मी सून म्हणून आले त्या दिवसापासून हा प्रश्न आपल्या दोघांच्या मध्ये होता, आणि नऊ वर्षांत तुम्ही तो एकदाच विचारलात, तोही टाकीच्या निमित्ताने. बाटलीत गाळाशिवाय आणखी काय होतं ते मी तुम्हाला सांगितलं नाही. तुम्हीही परत विचारलं नाहीत. मीठ विकत आलं.

मग दगड, वाळू, पंप, लाइट. सगळं मांडून झाल्यावर मी स्वयंपाकघरातून एक सोललेली कोळंबी आणून टाकीत टाकली तेव्हा आई ओरडल्या. दगडांना कोळंबी खायला घालणारी सून त्यांनी पहिल्यांदाच पाहिली होती. मी तुम्हाला कागदावर काढून दाखवलं. कोळंबी कुजणार, त्यातून अमोनिया होणार. तो खाणारे डोळ्यांना न दिसणारे जीव दगडांवर वाढणार, ते त्याचं नायट्राइट करणार. मग त्यावर जगणारे दुसरे येणार आणि त्याचं नायट्रेट करणार. पहिली दोन्ही विषं. ती शून्यावर येऊन तिथेच टिकली की पाणी तयार.

"किती दिवस?"

"सहा-आठ आठवडे. तेव्हा एखादा मासा. पोवळं त्याच्याही नंतर."

"पोवळं का नंतर?"

"मासा थोडं मागेपुढे सहन करतो. पोवळं एका जागी बसलेलं असतं बाबा. त्याला रोज तेवढंच मीठ, तेवढीच ऊब, तसंच पाणी लागतं."

एकदा मी तुम्हाला शिकवायला लागले की टाकीतलं पाणी उडून कमी झालं तर वरून गोडंच पाणी घालायचं, खारं नाही, कारण पाणी उडतं, मीठ मागे राहतं. तुम्ही माझं सगळं बोलणं शांतपणे ऐकून घेतलंत आणि आईंना हाक मारलीत. "ऐकलंस काय गो? मिठागरात काय होतं ते सून मला सांगते."

तुम्ही रोज सकाळी चहा घेऊन टाकीसमोर बसायचात. आत दगड, वाळू आणि बुडबुडे. गावात कळायला वेळ लागला नाही. तांडेल दगड पाळतो नि त्यांना कोळंबी चारतो, असं बंदरावर सुरू झालं. तुम्हीच येऊन ते मला सांगितलंत, पण दुसऱ्या दिवशी बंदरावर गेला नाहीत.

चौथ्या आठवड्यात दगडांवर तपकिरी थर चढला. नव्या टाकीत तो येतोच, मी म्हटलं होतं. तुम्हाला वाटलं, टाकी सडली. मी ड्यूटीवर असताना तुम्ही सकाळीच निघालात आणि एकटे मुंबईला गेलात. कुठल्याशा दुकानातून पाणी भरलेली पिशवी घेतलीत आणि पालघरपर्यंत ती मांडीवर धरून आणलीत. मी संध्याकाळी आले तेव्हा मधल्या दगडावर हिरव्या बटणांचा एक झुबका बसलेला होता. सगळी बटणं मिटलेली.

"उगडतील," तुम्ही म्हणालात. "परवास झालाय त्यांना."

मी पाणी तपासलं. नळीतलं पाणी पिवळं राहायला हवं होतं, ते गर्द हिरवं झालं. अमोनिया. रात्रीत अर्धं पाणी बदललं तरी तिसऱ्या दिवशी बटणांवर पांढरी बुळबुळ आली आणि घरात वास सुटला. चिमट्याने उचलायला गेले तर झुबका चिमट्यात येता येता विरघळला. मी दमून आले होते, कंपनीत त्या दिवशी वरिष्ठांची बोलणी खाल्ली होती, ही सगळी कारणं मी स्वतःला अजून देते. मी वळले आणि तुम्हाला म्हणाले, "तुम्हाला मारल्याशिवाय काही बघताच येत नाही का?"

आई भाकरी थापत होत्या, त्यांचा हात थांबला.

तुम्ही खुर्चीवरून उठलात, चपला घातल्यात आणि बाहेर गेलात. जेवायच्या वेळी परत आलात, जेवलात, झोपलात. पुढचे तीन दिवस तुमचा चहा ओटीवर झाला.

चौथ्या दिवशी मी कामाला निघताना तुम्ही टाकीपाशी उभे होतात. "आता परत पयल्यापासून?" तुम्ही विचारलंत.

"हो. पहिल्यापासून."

"बरं. ती नळी कशी वापरतात ते मला दाखव."

बस. भांडण मिटलं असं मी धरून चालले. त्या दिवसापासून तुम्ही स्वतः पाणी तपासायला लागलात. कॅलेंडरवर तारखेच्या चौकोनात तुमच्या अक्षरात "हिरवं", मग "थोडं हिरवं", मग "पिवळं" यायला लागलं. माझ्यापेक्षा तुमचा हात स्थिर होता. थेंब मोजताना तुम्ही श्वास रोखून धरायचात.

मार्चमध्ये तुमचे डोळे पिवळे झाले. गावातली औषधं झाली, पालघर झालं, मग मुंबईचं मोठं हॉस्पिटल. डॉक्टरांनी मला एकटीला आत बोलावलं. स्वादुपिंडात गाठ होती आणि ऑपरेशनची वेळ निघून गेलेली होती. काही महिने, ते म्हणाले, आणि कमीच धरा. मी बाहेरच्या बाकावर बसून नितीनला जहाजावर फोन केला आणि आम्ही दोघांनी मिळून ठरवलं की तुम्हाला आणि आईंना सांगायचं नाही. तुम्ही विचारलंत, "रिपोर्टात काय हाय?" मी म्हटलं, "कावीळ आहे. वेळ लागेल, पण बरी होईल."

"हं," तुम्ही म्हणालात आणि खिडकीकडे बघितलंत.

त्या दिवसापासून घाई मला लागली. तुम्हाला उघडलेलं पोवळं दाखवायचं, याच्यापलीकडे मला काही सुचेना. कंपनीतल्या एकीने वसईच्या डाबरे सरांचं नाव सांगितलं. निवृत्त शिक्षक, घरच्या टाकीत मऊ पोवळी वाढवतात आणि त्यांचे छोटे तुकडे लोकांना देतात. समुद्रातून काढलेलं काही ठेवत नाहीत, दगडी पोवळ्याला तर हातच लावत नाहीत, कायद्याने बंदी आहे. मी फोनवर त्यांना पाण्याचे आकडे सांगितले. ते म्हणाले, "ताई, नायट्राइट अजून दिसतंय. महिनाभर तरी थांबा." मी खोटं बोलले. पुढच्या आठवड्यात परत फोन करून सांगितलं की नायट्राइट गेलं.

एप्रिलमधल्या एका रविवारी सकाळीच जाऊन मी तो तुकडा आणला. बोटाच्या पेराएवढा, डब्यातल्या पाण्यात, वर जांभळी पाच-सहा बटणं. तुम्ही कॉटवर उशीला टेकून बसला होतात, खूप वाळला होतात. मी डबा तुमच्यासमोर धरला. तुम्ही चष्मा लावलात, डब्यात वाकून बघितलंत आणि पहिला प्रश्न केलात, "पाणी टेस्ट केलं?"

"केलं."

"माज्यासमोर कर."

मी केलं. नायट्राइटच्या नळीत निळ्याऐवजी फिकट जांभळी झाक आली. तुम्ही नळी उजेडात धरलीत.

"हे बरोबर नाय."

"एवढ्याशाने काही होत नाही, बाबा."

"तवा झालं ना?"

"तेव्हा अमोनिया होता. आता जरासंच आहे. आणि तुम्हाला बघायचं होतं ना? मी तुमच्यासाठी आणलंय."

तुम्ही नळी खाली ठेवलीत. माझ्याकडे बघितलंत. आवाज चढवला नाहीत. "माज्या बघण्यासाठी परत एक जीव नको मारू, पोरी."

माझं ते वाक्य तुमच्याकडे होतं. दोन महिने तुम्ही ते जपून ठेवलं होतंत, आणि परत दिलंत ते रागाने नाही. तुम्हाला ते खरं वाटलं होतं. एवढंच मला तेव्हा कळलं, आणि तरी माझ्या तोंडून शब्द निघाला नाही. मी म्हणायला हवं होतं की बाबा, मी चुकले. तुम्ही घरं चालवलीत, माणसं जगवलीत, नितीनला शिकवलंत, आणि कधी गाभोळीची, पोटात अंडी असलेली मासळी लहान जाळ्यात आली तर जीव हळहळला असं तुम्हीच एकदा सांगितलं होतंत. मी म्हणायला हवं होतं की ते वाक्य दमलेल्या, बावळट बाईचं होतं. ते मी आज म्हणते आहे. कुठे पोचतं ते मला माहीत नाही.

"रडतेस काय? गाडी हाय अजून," तुम्ही म्हणालात. "जा, परत देऊन ये. नि त्या सरांचा नंबर मला दे. तुला मी पाठवलं म्हणून सांगतो, नायतर त्यांना वाटेल बाईचं डोकं फिरलं."

मी त्याच दुपारी डबा घेऊन परत वसईला गेले. येताना वाटभर मला एकच वाटत राहिलं, तुम्हाला कळलंय. कावीळ बरी होणार नाही हे तुम्हाला कळलंय, आणि तुम्ही आम्हाला ते कळू देत नाही आहात.

नंतरच्या दिवसांत तुम्ही कॉट टाकीसमोर लावून घेतलीत. आईंना जवळ बसवून लाइट गेल्यावर काय करायचं ते शिकवलंत. पंप थांबला तर डावाने वरचं पाणी ढवळत राहायचं, नाहीतर आतल्यांना हवा मिळत नाही. आई म्हणायच्या, "आत हाय कोण?" तरी ढवळायच्या. उन्हाळा वाढला तसा टाकीवर पंखा लागला, रोज सकाळी गोड्या पाण्याचा एक तांब्या. नायट्राइट एकदाचं गेलं. कॅलेंडरवर तुमचं अक्षर वाकडं व्हायला लागलं होतं.

आणि एक दिवस लॅबमध्ये माझा फोन वाजला. तुम्ही कधी कामावर फोन करत नव्हतात. मी हातातली बाटली ठेवून फोन घेतला.

"वैशाली! टाकीत जवळा आलाय!"

"काय?"

"काचेवर. पांडरे ठिपके. मी भिंगानं बगितलं. पळतात गो! पाय हायत त्यांना!"

दगडांबरोबर आलेले बारीक जीव होते ते, वाळूच्या कणाएवढे. नव्या टाकीत पाणी सुधारलं की दिसायला लागतात. तुमच्यासाठी ती जवळ्याची, त्या बारीक कोळंबीची, पिल्लं. मी संध्याकाळी आले तेव्हा तुम्ही आईंनाही भिंग देऊन बसवलं होतंत आणि आई म्हणत होत्या, "हो, हो, दिसतंय," आणि मग खरंच दिसलं तेव्हा भिंग सोडेनात. त्या आठवड्यात तुम्ही दुखण्याचं नाव घेतलं नाहीत. पोवळ्याचंही नाही. जे न बोलावता आलं होतं त्यातच तुम्ही रमलात, सकाळी किती, संध्याकाळी किती, कुठल्या कोपऱ्यात जास्त. चाळीस वर्षांनी तुम्ही समुद्र आतून बघत होतात आणि तो बोटाच्या नखात मावेल एवढा होता. मला तुमचे आभार मानायचे आहेत, बाबा, त्या आठवड्यासाठी. तो तुम्ही मला दिलात. मी आणलेलं पोवळं टाकीत बसलं असतं आणि विरघळलं असतं, तर मी तो आठवडा वास घेत काढला असता.

मे महिन्यातल्या मंगळवारी दुपारी आईंचा फोन आला. "वैशाली, ये," एवढंच. कंपनीने गाडी दिली. मी पोचले तेव्हा तुम्ही नव्हतात. नितीनने फोनच्या पडद्यावर तुमचं शेवटचं दर्शन घेतलं. त्याचं जहाज भर समुद्रात होतं, उतरायला बंदर नव्हतं. अग्नी तुमच्या पुतण्याने दिला.

घर माणसांनी भरलं. उकाडा होता, कुणीतरी पंखा आणला आणि जागा नव्हती म्हणून पंपाची पिन काढून तिथे पंख्याची लावली. मला त्याचं भान नव्हतं. बायका आईंना धरून बसल्या होत्या. दुपारच्या फोननंतर आई ना रडल्या होत्या ना बोलल्या होत्या. संध्याकाळी त्यांनी एकदम मान वर केली.

"आवाज का थांबला?"

"कसला आवाज, वयनी?"

त्या उठल्या. बायकांनी अडवलं, त्यांनी हात सोडवून घेतले. स्वयंपाकघरातून डाव घेऊन आल्या, टाकीचं झाकण सरकवलं आणि पाणी ढवळायला लागल्या. बायकांना वाटलं, दुःखाने डोकं फिरलं. एकजण मला म्हणाली, "अगो, धर तिला." मी धावले, पिन शोधली, पंखा काढून पंप लावला. पाणी पुन्हा चालू झालं तरी आई ढवळत राहिल्या, आणि ढवळता ढवळताच त्या मोठ्याने रडल्या. मी डाव त्यांच्या हातातून घेतला नाही.

काचेवरचे ठिपके दुसऱ्या दिवशीही पळत होते.

बारावं झालं. माणसं गेली. नितीन पुढच्या महिन्यात येईल. मी रोज पाणी तपासत राहिले. करायला ते एकच काम होतं ज्यात तुम्ही होतात. दोन्ही विषं शून्य, एकदा नाही, सहा वेळा. काल रविवार होता. मी डबा घेतला आणि वसईला गेले.

डाबरे सर अंगणात होते. मी तुमचं सांगितलं. ते खुर्चीत बसले, चष्मा काढून पुसला. मग मी म्हटलं, "सर, पाणी तयार आहे. आज खरंच आहे. तो तुकडा द्याल?"

"नाही," ते म्हणाले.

मला वाटलं, मागचं खोटं त्यांच्या मनात आहे. मी माफी मागायला लागले. ते म्हणाले, "त्याचं नाही ताई. तांडेलांचा फोन आला होता ना, तुम्ही परत द्यायला आलात त्या दिवशी. अर्धा तास बोललो आम्ही. पाणी एकदा शून्य दाखवतं म्हणजे तयार झालं का, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं, शून्य टिकलं पाहिजे. उन्हाळ्यात टिकलं, लाइट गेल्यावर टिकलं, आणखी दोन महिने तसंच राहिलं, तर पोवळं घालावं. त्यांनी सगळं लिहून घेतलं. मग म्हणाले, मी गेलो की आमची वैशाली तुमच्याकडे येईल. तेव्हा ती रडत आली तर देऊ नका. दोन महिन्यांचं लिहिलेलं घेऊन आली तर द्या."

"मी गेलो की," असं म्हणाले होते का, मी विचारलं.

"तसंच म्हणाले. मला वाटलं, तुम्ही सगळ्यांनी ते आपसात बोलून घेतलंय."

नव्हतं बोलून घेतलं, बाबा. तुमचं मरण तुम्ही एका अनोळखी माणसापाशी बोललात आणि आमच्यापाशी नाही, कारण आम्ही तुम्हाला जागाच ठेवली नव्हती. आम्ही तुम्हाला वाचवत होतो आणि तुम्ही आम्हाला. या भांडणाचा निकाल कसा लागायचा आता? मी सरांच्या अंगणात मनसोक्त रडले. त्यांनी पाणी आणून दिलं आणि आपल्या टाकीत तो तुकडा दाखवला. मी परत दिलेला. त्याला आता पंधराएक बटणं आली आहेत, सगळी उघडी. सर म्हणाले, हा तुमचाच, इथेच राहील.

संध्याकाळी घरी आले तर आई ओटीवर होत्या. त्यांनी माझ्या हातातल्या रिकाम्या डब्याकडे बघितलं.

"दिलं नाय?"

"नाही. आणखी दोन महिने थांबायचं, म्हणाले. बाबांनीच सांगून ठेवलंय त्यांना."

मी सगळं सांगितलं, काही न लपवता. रिपोर्टचंही. आई ऐकत होत्या. वेणीत हात घालून त्यांनी एक पिन काढली, परत लावली.

"मला ठावं होतं," त्या म्हणाल्या. "त्यांनी मला सांगितलेलं. पोरांना सांगू नको, म्हणाले, त्यांना वाटतं आपल्याला ठावं नाय."

मग म्हणाल्या, "जन्मभर या माणसानं मला बंदरावर थांबायला लावलं. जाताना पण थांबायचंच काम देऊन गेला." आणि उठत म्हणाल्या, "थांबू गो. चल, जेव."

आम्ही दोघी समोरासमोर बसलो. आई तुमच्या तक्रारी सांगायला लागल्या, एकेक जुनी, लग्नाच्या पहिल्या वर्षापासूनची, आणि मी तुमची बाजू घ्यायला लागले. त्या चिडल्या. मी चिडले. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा घरात कुणीतरी मोठ्याने बोलत होतं. हात वाळून गेले तरी आम्ही पानावरून उठलो नाही.